फाट्यावरचे अकरा सेकंद

"फाट्यावर ट्रकची दुचाकीला धडक, एक ठार." विदर्भातल्या कुठल्याही जिल्ह्याचं वर्तमानपत्राचं पान उघडा, ही बातमी पुन्हा पुन्हा भेटते. चारच ओळी असतात. नाव, वय, गाव आणि शेवटी 'चालकाविरुद्ध गुन्हा दाखल'. १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर बस पेटली आणि २५ प्रवासी गेले, तेव्हा सगळा देश हळहळला. फाट्यावर माणसं एकेक करून जातात, त्यामुळे त्यांचा आकडा कधी एकत्र डोळ्यांपुढे येत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा जीव गेला. त्यातले दर तिघांतले दोघे ग्रामीण भागात गेले. शंभरातले ४४ दुचाकीवरचे होते.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, मुख्य रस्त्यापासून दीड किलोमीटर आत आहे. फाट्यावर एक जुना कडुनिंब, पानटपरी, एसटीचा निवारा आणि कुणाच्या ना कुणाच्या वाढदिवसाचं बॅनर. गेल्या हिवाळ्यात शेजारचे काका वावरातून परत येताना तिथे जीपखाली येता येता वाचले, पण डावा पाय मांडीपासून मोडला. दवाखान्यात भेटायला गेलो तर एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, "मले गाडी दिसलीच नाई रे बाप्पा. कुठून आली थे बी समजलं नाई."

हे वाक्य मी त्या फाट्यावर पडलेल्या चार जणांकडून ऐकलं आहे. चौघांचं वय वेगळं, वेळ वेगळी, गाडी वेगळी, आणि शब्द मात्र तेच. चार माणसं एकाच जागी तेच सांगत असतील तर दोष त्या चौघांच्या डोळ्यांत नाही, जागेत आहे. म्हणून हा लेख. फाटा धोकादायक कशाने होतो आणि तो सुधारायचा कसा, यामागचं शास्त्र फार अवघड नाही. टेप आणि मोबाइलमधलं घड्याळ घेऊन गावातली पोरंही ते समजू शकतात.

## 'दिसलीच नाई' म्हणजे नेमकं काय

गावच्या रस्त्यावरून येऊन मुख्य रस्त्याच्या कडेला थांबलेला माणूस जिथे असतो, तिथे एक खुंटी ठोकली असं समजा. मुख्य रस्त्यावरची गाडी जिथे असताना ती त्याला दिसायलाच हवी, तिथे दुसरी खुंटी. दोन्ही रस्ते मिळतात तिथे तिसरी. तिघींना दोरी बांधली की जमिनीचा एक त्रिकोणी तुकडा तयार होतो. रस्ते बांधणारे त्याला दृष्टित्रिकोण म्हणतात. या तुकड्यात डोळ्याच्या उंचीला आड येणारं काही नको. सगळ्या फाटा-सुधारणेचा पाया हाच.

आमच्या फाट्यावर हा त्रिकोण मोजायला एका रविवारी सकाळी मी आणि कॉलेजात शिकणारी दोन पोरं गेलो. यवतमाळच्या बाजूला पाहिलं तर आधी कडुनिंबाचा बुंधा, त्याला लागून टपरी आणि टपरीच्या पुढे बॅनर. त्यांच्या फटीतून गाडी पहिल्यांदा दिसायची तेव्हा ती ६५ मीटरवर येऊन ठेपलेली असायची. दिसल्यापासून समोर येईपर्यंत घड्याळ लावलं. एसटीला तीन सेकंद लागले. मागून आलेल्या चारचाकीला त्याहून कमी.

ताशी ८० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. म्हणजे 'दिसली' आणि 'आली' यांत तीन सेकंदांचं अंतर.

आता ओलांडणाऱ्याला किती वेळ लागतो ते पाहा. रस्ता सात मीटर रुंद. ट्रॅक्टर आणि ट्रॉली मिळून सात-आठ मीटर लांब. थोडी मोकळीक धरली तर ट्रॉलीचं मागचं चाक पलीकडे पोचायला सतरा मीटर जावं लागतं. कापसाने भरलेली ट्रॉली उभ्या जागेवरून पहिल्या गिअरमध्ये निघाली की सेकंदाला दीड मीटर चालते. झाले अकरा सेकंद. बैलबंडीला त्याहून तीन-चार सेकंद जास्तच.

ट्रॅक्टरवाल्याला अकरा सेकंद हवेत आणि फाटा त्याला तीन देतो. उरलेले आठ सेकंद तो देवाच्या भरवशावर काढतो. अकरा सेकंद मिळायचे असतील तर ८० च्या वेगाने येणारी गाडी त्याला जवळपास २४५ मीटरवर असतानाच दिसायला हवी.

या त्रिकोणाची आपल्याकडची एक गंमत नव्हे, मोठी अडचण आहे, ती म्हणजे तो हंगामाप्रमाणे बदलतो. मे महिन्यात वावर मोकळं असतं आणि लांबवर दिसतं. डिसेंबरात कोपऱ्यातली तूर माणसाच्या डोक्यावर गेलेली असते. नाल्याच्या काठची बेशरम पावसाळ्यानंतर रस्त्यावर झुकते. पाहणी उन्हाळ्यात झाली तर कागदावर सगळं ठीक दिसतं, आणि अपघात होतात कापूस आणि तूर निघायच्या दिवसांत, जेव्हा ट्रॅक्टर आणि बंड्याही सगळ्यात जास्त असतात. कुणी पाहणीला येणार असेल तर त्यांना दिवाळीनंतर बोलवा.

## वेग दुप्पट झाला की मार चौपट

वेगाचं गणित आपल्या मनाला सरळ वाटतं. ४० वरून ८० गेलो म्हणजे धोका दुप्पट, असं. ते तसं नाही. धडकेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वेग दुप्पट तर जोर चौपट.

हे उंचीत सांगितलं की लगेच कळतं. ताशी ३० किलोमीटरने धडक बसणं म्हणजे साडेतीन मीटरवरून, घराच्या स्लॅबवरून, खाली पडणं. हातपाय मोडतील, पण बहुतेक वेळा माणूस उठेल. ५० ची धडक म्हणजे जवळपास दहा मीटरवरून पडणं, तीन मजली इमारतीच्या गच्चीवरून. ८० ची धडक म्हणजे २५ मीटर. गावातल्या पाण्याच्या टाकीहून उंच. तिथून पडलेला माणूस वाचला तर आपण त्याला चमत्कार म्हणतो.

थांबण्याचंही तसंच. समोर काही दिसलं, डोक्याला कळलं, पाय ब्रेकवर गेला, यात रस्ते बांधणीच्या हिशेबात अडीच सेकंद धरतात. ८० च्या वेगाने तेवढ्यात ५५ मीटर निघून जातात, आणि अजून ब्रेक लागायचाच असतो. भारतीय रस्ते काँग्रेस ही आपल्या देशात रस्त्यांची प्रमाणकं ठरवणारी संस्था. तिच्या कोष्टकात ८० च्या वेगाला थांबायचं अंतर १२० मीटर आहे आणि ४० च्या वेगाला ४५ मीटर. आमच्या फाट्यावर ६५ मीटर दिसत होतं. म्हणजे ८० ने येणारा चालक कितीही हुशार, कितीही सावध असला तरी ट्रॅक्टर दिसल्यावर त्याला थांबणं शक्यच नव्हतं. तोच चालक ४० ने आला असता तर थांबून वर वीस मीटर उरले असते.

## रस्ता चांगला झाला आणि फाटा बिघडला

गेल्या काही वर्षांत विदर्भातले कितीतरी रस्ते सिमेंटचे झाले. खड्डे गेले आणि दवाखाना जवळ आला, याचं समाधान आहेच. पण जुन्या डांबरी रस्त्यावर खड्डेच गाडीचा वेग धरून ठेवत होते. ते गेले आणि त्यांच्या जागी वेग धरून ठेवणारं दुसरं काही आलं नाही.

दुसरी गोष्ट डोळ्यांदेखत घडते पण कुणी बोलत नाही. सिमेंटच्या थराने मुख्य रस्ता फूट-दीड फूट उंच झाला. गावचा रस्ता होता तिथेच राहिला. दोघांना जोडायला तोंडाशी मुरूम टाकून एक चढ केला जातो. आता बघा काय होतं. मोटरसायकलवाला चढावर बंद पडू नये म्हणून रेस करतो, आणि वर पोचतो तेव्हा थेट मुख्य रस्त्यावर असतो. भरलेला ट्रॅक्टर चढावर थांबला तर मागे सरकतो, म्हणून तो थांबतच नाही. काळ्या मातीत दरवर्षी पावसाळ्यानंतर कडेची भर खचते, गिट्टी उघडी पडते, आणि ब्रेक दाबला की दुचाकी घसरते. थांबायची इच्छा असलेल्या माणसालाही थांबता येत नाही अशी ती जागा आहे.

यावरचा उपाय साधा आहे. गावच्या रस्त्याचं मुख्य रस्त्याला भिडणारं शेवटचं टोक ट्रॅक्टर-ट्रॉली आरामात उभी राहील एवढ्या लांबीत सपाट करायचं आणि पक्कं करायचं. चढ असेल तो त्याच्या मागे ढकलायचा. खर्चाच्या मानाने एवढा फायदा देणारं दुसरं काम मला तरी माहीत नाही.

फाटा तिरका असेल तर तोही सरळ करावा लागतो. जुन्या बंडीवाटा मुख्य रस्त्याला तिरक्या मिळायच्या, कारण बैलांना ते सोयीचं होतं. आज त्याच तिरक्या तोंडातून गाडी वेग कमी न करता आत घुसते, आणि बाहेर पडणाऱ्याला मान पार मागे वळवून पाहावं लागतं. काटकोनात मिळणारा रस्ता वळणाऱ्याचा वेग आपोआप कमी करतो.

## वाटा जिथे एकमेकींना छेदतात

चार रस्त्यांच्या साध्या चौकात गाड्यांच्या सगळ्या संभाव्य वाटा कागदावर रेघांनी काढल्या, तर त्या एकमेकींना ३२ ठिकाणी मिळतात, फुटतात किंवा छेदतात. प्रत्येक ठिकाण म्हणजे टकरीची एक शक्यता. तीन तोंडांच्या फाट्यावर अशी ठिकाणं नऊच असतात. म्हणून जिथे दोन गावांचे रस्ते मुख्य रस्त्याला समोरासमोर येऊन चौक होतो, तिथे एक रस्ता थोडा पुढे सरकवून दोन वेगळे फाटे करतात. ३२ ची १८ होतात, आणि मुख्य म्हणजे 'सरळ सुसाट पलीकडे' जाणं बंद होतं.

नीट बांधलेल्या वर्तुळाकार चौकात ही ठिकाणं आठ उरतात. तिथे कुणी कुणाला काटकोनात आडवं जात नाही. सगळे एकाच दिशेने फिरतात, आत असलेल्याला आधी जाऊ देतात, आणि वळणामुळे वेग आपसूक उतरतो. टक्कर झालीच तर अंगाला अंग घासल्यासारखी होते, छातीवर आदळल्यासारखी नाही. याला जागा लागते, त्यामुळे प्रत्येक फाट्यावर ते जमणार नाही. दोन मोठे रस्ते मिळतात तिथे मात्र आग्रह धरावा. शहरात पुतळ्याभोवती चौथरा असतो तेवढ्याने वर्तुळाकार चौक होत नाही, येणाऱ्या गाडीला वळायला भाग पाडेल असा आकार लागतो.

## "मग गतिरोधक टाका ना!"

अपघात झाला की रास्ता रोको होतो आणि पहिली मागणी हीच असते. मागणीमागचं दुःख खरं आहे. मीही त्या गर्दीत बसलेलो आहे. पण मुख्य रस्त्यावरचा गतिरोधक ही बहुतेक वेळा एका अपघाताच्या जागी दुसरा अपघात आणण्याची सोय होते.

प्रमाणकातला गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, गोलसर, ताशी २५ किलोमीटरने अलगद पार करता येईल असा. आपल्याकडे रातोरात पडतो तो जेमतेम दीड-दोन फूट रुंदीचा उभा उंचवटा. त्यावर पांढरे पट्टे नाहीत, आधी फलक नाही. रात्री ८० ने येणाऱ्याला तो दिसतच नाही. दुचाकीवर मागे एका बाजूला बसलेली बाई पहिल्याच धक्क्याला उडते. ट्रक ऐनवेळी ब्रेक दाबतो आणि मागचा त्याच्यावर आदळतो. राष्ट्रीय महामार्गावर गतिरोधक नकोत, हे केंद्रीय मंत्रालयाचं धोरण आहे, आणि त्यामागे हेच कारण आहे.

गतिरोधकाची खरी जागा गावच्या रस्त्यावर आहे, मुख्य रस्त्याला मिळण्याच्या थोडं आधी. तिथे वेग मुळात कमी असतो आणि थांबायचंच असतं.

मुख्य रस्त्यावर वेग टप्प्याटप्प्याने उतरवायचा असतो. आधी 'पुढे फाटा आहे' हा फलक. मग रंबलर, म्हणजे रंगाच्या जाड पट्ट्या, ज्यांवरून चाक गेलं की गाडी खडखडते आणि चालकाचं लक्ष जागं होतं. मग रस्ता अरुंद भासेल असं काही करायचं. मध्ये रंगवलेला पट्टा किंवा छोटी दुभाजक बेटं, कडेला खुंट. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी गल्लीत लाकडी बैल घेऊन लेकरं उतरलेली असतात, तेव्हा गाडीवाल्याला 'हळू चालवा' असं सांगायला फलक लागत नाही. समोरचं दृश्यच त्याचा पाय ब्रेकवर नेतं. रुंद, सरळ, मोकळा रस्ता पायाला उलटं सांगतो. फलकावर ४० लिहिलं आणि रस्ता १०० चा दिसत असेल तर माणूस रस्त्याचं ऐकतो.

रंबलर घरांच्या अगदी दारात नको, रात्रभर खडखडाटाने झोप लागत नाही. मग लोकच ते उखडतात, आणि त्यांचं तरी काय चुकलं?

## "चालकच बेशिस्त आहेत, रस्ता काय करणार?"

दारू पिऊन चालवणारे आहेत, मोबाइल कानाला लावणारे आहेत, काळीपिवळीच्या टपावर माणसं बसवणारे आहेत. त्यांच्यावर कारवाई व्हायलाच हवी. पण शेजारचे काका दारूला शिवत नाहीत. त्यांनी थांबून दोन्हीकडे पाहिलं होतं.

माणूस थकतो, घाईत असतो, त्याचा अंदाज चुकतो. म्हाताऱ्याला गाडीचा वेग कळत नाही, लेकराला तर मुळीच नाही. स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये हे गृहीत धरूनच नवं धोरण स्वीकारलं. माणूस चुकणारच, पण त्या चुकीने त्याचा जीव जाणार नाही असा रस्ता बांधणं ही रस्ता बांधणाऱ्याची जबाबदारी, असं त्या धोरणाचं सार आहे. विहिरीला कठडा बांधताना आपण हाच विचार करतो. पडणारा बेसावध होता का, हे कुणी विचारत नाही.

आपल्या कायद्यातही हा विचार आला आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९८-अ हे कलम आलं. ठरलेल्या प्रमाणकांप्रमाणे रस्ता न बांधल्याने किंवा न राखल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला, ठेकेदाराला किंवा सल्लागाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

सिग्नलचंही लोक विचारतात. जिथे दिवसभर गर्दी असते तिथे सिग्नल चालतो. आपल्या फाट्यावर दुपारी दहा-दहा मिनिटं आडवं कुणी येत नाही. रिकाम्या रस्त्यावर लाल दिवा पाहून ट्रकवाला चार दिवस थांबेल, पाचव्या दिवशी थांबणार नाही. आणि एकाला हिरवा असताना दुसरा लाल तोडून आला तर ती टक्कर सगळ्यात वाईट, कारण हिरवा असलेला बेफिकीर असतो. सौरऊर्जेवर लुकलुकणारे दिवे, मुख्य रस्त्याला पिवळे आणि गावच्या रस्त्याला लाल, हे इथे जास्त कामाचे. मात्र बॅटरी कोण पाहणार, हे बसवतानाच लिहून घ्यावं.

## रात्र आणि एसटीचा थांबा

डिपरवर गाडीचा उजेड साधारण ४०–५० मीटर पडतो. थांबायला १२० लागतात हे वर पाहिलंच. अंधारात ८० ने चालणारा चालक उजेडाच्या पुढे पळत असतो. अशात समोर बिनदिव्याची ट्रॉली आली, किंवा चाक निखळून रस्त्यातच उभी असलेली, मागे फक्त दोन दगड ठेवलेली ट्रॉली आली, तर काही करता येत नाही. ट्रॉलीच्या मागे आणि दोन्ही बाजूंना रेडियमची पट्टी, बंडीच्या जुवाला आणि मागच्या फळीला रेडियम, हे कास्तकाराने स्वतः करायचं काम आहे, तेही जिनिंगचा हंगाम सुरू होण्याआधी. फाट्यावर हायमास्ट लागला तर उत्तमच, पण वीज गेली तरी रेडियम चमकतं.

एसटी नेमकी फाट्याच्या तोंडाशी थांबते, ती लोकांच्या सोयीसाठीच. पण थांबलेली बस म्हणजे दहा मीटरची भिंत. गावातून येणाऱ्याला तिच्या पलीकडचं दिसत नाही, आणि उतरलेली शाळेची पोरं बसच्या पुढून पळत रस्ता ओलांडतात. थांबा फाटा ओलांडून थोडा पुढे, रस्त्याच्या बाहेर उभं राहायला जागा करून हवा. मग लोक बसच्या मागून जातात आणि बस कुणाच्या आड येत नाही. चाळीस पावलं जास्त चालावं लागतं, एवढंच.

## "वेग कमी केला तर वेळ किती जाईल?"

हिशेब करू. फाट्याच्या दोन्ही बाजूंचं मिळून ४०० मीटर अंतर धरा. ८० ने ते १८ सेकंदांत कापलं जातं, ४० ने ३६ सेकंदांत. वाया गेले अठरा सेकंद. वाटेत असे दहा फाटे लागले तरी तीन मिनिटं.

## रस्ता नेमका कुणाचा?

फाटा सुधारण्यात सगळ्यात जास्त महिने इथे जातात. मुख्य रस्ता एका खात्याचा असतो, गावचा रस्ता दुसऱ्या, आणि फाटा दोघांच्या मधोमध. राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात, ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे. राष्ट्रीय महामार्गाची यंत्रणा आणखी वेगळी. कडेचा किलोमीटरचा दगड पाहा. डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्य महामार्ग. अर्ज दोन्ही खात्यांना एकाच दिवशी द्यावा, आणि दोन्हीवर 'प्रत' म्हणून एकमेकांचं, पोलीस ठाण्याचं आणि जिल्हा रस्ता सुरक्षा समितीचं नाव लिहावं. समितीचा पत्ता जिल्हाधिकारी कार्यालयात मिळतो.

अर्जात 'अपघात होतात' असं लिहून भागत नाही, आकडे लागतात. सरकारी भाषेत धोकादायक जागेला ब्लॅक स्पॉट म्हणतात. राष्ट्रीय महामार्गासाठी त्याची व्याख्या अशी: साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात मागच्या तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापत झालेले पाच अपघात, किंवा एकूण दहा मृत्यू. हे आकडे पोलिसांच्या नोंदीतून घेतले जातात. आपल्याकडे होतं काय, की पाय मोडला, गाडीवाला ओळखीचा निघाला, त्याने दवाखान्याचा खर्च दिला, चार माणसांत बसून मिटवलं. माणुसकीच्या दृष्टीने ते बरोबर असेल, पण त्या दिवशी फाट्याच्या खात्यावर काहीच जमा होत नाही. दहा वर्षं लोकं पडत असलेला फाटा कागदावर निरोगी दिसतो.

म्हणून आम्ही टपरीवर एक वही ठेवली आहे. तारीख, वेळ, कुठल्या दिशेने कोणती गाडी, अंधार होता की उजेड, पाऊस होता का, काय झालं. थोडक्यात वाचलेलेही लिहितो, खरं तर तेच जास्त लिहितो. तीन महिन्यांत पानं भरली तेव्हा कळलं की निम्म्याहून जास्त नोंदी यवतमाळकडून येणाऱ्या गाड्यांच्या आणि संध्याकाळी पाच ते सातच्या आहेत. इतके दिवस आम्ही उलट्या बाजूला फलक मागत होतो. पोलिसांकडच्या तीन वर्षांच्या नोंदी माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर मागता येतात, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ती यादी आणि ही वही शेजारी ठेवून ग्रामसभेत ठराव घ्यावा आणि त्यात रस्ता सुरक्षा तपासणीची मागणी करावी.

## टपरी सरकली तेव्हा

टपरीवाल्या भाऊचा विरोध होता, आणि तो रास्त होता. "फाट्यावरून उठलो तं गिऱ्हाईक कोठून येईन?" पोट त्याच जागेवर चालतं. तीन वेळा बसून बोलणं झालं. शेवटी निवाऱ्याच्या मागे, पण एसटीची वाट पाहणाऱ्यांना समोरच दिसेल अशी जागा ठरली आणि वीस पोरांनी टपरी उचलून तिथे नेली. बॅनर कोपऱ्यावर लागणार नाही असं ग्रामपंचायतीने ठरवलं. बांधकाम विभागाला विचारून कडुनिंबाच्या खालच्या फांद्या छाटल्या, झाड तसंच आहे. थांबायची पांढरी रेघ बुंध्याच्या पुढे ओढली. कोपऱ्यातल्या वावरवाल्याने यंदा धुऱ्यालगतच्या चार ओळींत तुरीऐवजी सोयाबीन पेरलं.

सगळं झाल्यावर पुन्हा टेप लावला. ६५ मीटरचे १५५ मीटर झाले होते. घड्याळ लावलं. ८० ने आलेली गाडी आता दिसल्यापासून सात सेकंदांनी पोचते.

ट्रॅक्टरला अकरा लागतात. आणखी मागे रस्त्याला वळण आहे, त्यामुळे १५५ च्या पुढे दिसणार नाही. तेच १५५ मीटर ५० च्या वेगाने कापायला मात्र अकरा सेकंद लागतात. रंबलर, मधला रंगीत पट्टा आणि तोंडाशी सपाट जागा, हे तीन मागणारा ठराव २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मंजूर झाला. काका कुबडी घेऊन आले होते, हात वर करायला त्यांनी ती शेजारच्याकडे दिली.